परांचीची नळी समुद्राच्या पोटात

घरी बनवलेल्या छोट्या पाणबुड्या यंत्रमानवात आपण फुगा बसवतो. फुगा फुगवला की यंत्रमानव वर येतो, हवा सोडली की बुडतो. मध्ये मात्र थांबत नाही. कारण थोडे खाली जाताच पाण्याच्या दाबाने हवा आकुंचन पावते, प्लावक बल घटते आणि तो आणखी खाली जातो.

१९५५ मध्ये ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञ जॉन स्वॅलो यांनी ही अडचण मोटारीवाचून सोडवली. बांधकामाच्या परांचीला वापरतात तशा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या त्यांनी घेतल्या, कॉस्टिक सोड्यात झिजवून हलक्या केल्या व तोंडे बंद केली. अशी नळी पाण्यापेक्षा कमी दबते. म्हणून खोलीबरोबर पाण्याची घनता नळीपेक्षा अधिक वाढते. दोन्ही घनता जुळल्या, की नळी तिथेच तरंगत राहते.

नळीतून येणाऱ्या ध्वनिस्पंदांवरून जहाज तिचा माग काढी. १९५७ मध्ये अशा नळ्यांनी गल्फ स्ट्रीमखाली उलट दिशेने वाहणारा प्रवाह दाखवला आणि हेन्री स्टॉमेल यांचे भाकीत खरे ठरले.

आपल्या टाकीत घनतेचा हा फरक नगण्य असल्याने दट्ट्याने पाणी आत-बाहेर करावेच लागेल. पण हवा फुग्याऐवजी कडक नळीत कोंडली, तर निम्मे काम झाले!