खालच्या थराची ओळख

किनाऱ्यावर ओढलेल्या होडीपुढे उभे राहिले की पहिली चर्चा होते ती नव्या रंगाची. कुठला घ्यायचा, किती डबे लागतील, किती हंगाम टिकेल? या पुस्तकाची मांडणी त्याआधीच्या प्रश्नावर आहे. होडीवर आज जो रंग आहे, तो कोणत्या जातीचा? कोरी होडी रंगवण्याचा योग तिच्या आयुष्यात एकदाच येतो. पुढचा प्रत्येक हात जुन्या हातांवर बसतो, आणि खालचा थर पोपडे धरत असेल तर वरचा कितीही महागाचा रंग त्याच्यासोबतच गळून पडतो. मत्स्यविद्येचे आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी, होडीचे मालक, तांडेल, सुतार, रंगारी अशा सगळ्यांना या विषयात मनापासून बोलावतो आहे, कारण यातल्या एकाच्या ज्ञानावर हे काम भागत नाही.

आधी जातींची ओळख. काही रंग एका डब्याचे असतात. आपण ऑइलपेंट म्हणतो ते अल्किड, तसेच व्हिनाइल आणि क्लोरिनेटेड रबर यांत मोडतात. इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन दोन डब्यांचे. त्यांत हार्डनर मिसळला की रेणू एकमेकांत गुंफले जाऊन कडक जाळे तयार होते. या रंगांतले द्रावक जहाल असतात. जुन्या ऑइलपेंटवर ते चढवले, तर खालचा थर फुगतो, सुरकुततो आणि उचलला जातो. उलट, पूर्ण पक्क्या झालेल्या इपॉक्सीला पॉलिश पेपर मारून त्यावर एका डब्याचा रंग सहसा नीट बसतो. कडक थरावर मऊ थर चालतो, मऊ थरावर कडक चालत नाही. पाण्याखालच्या भागात तर अल्किड नकोच. तो तेलापासून बनतो. होडीला जस्ताचे ठोकळे लावले असतील, तर धातूजवळ तयार होणारा क्षार त्या तेलाचा अक्षरशः साबण करून टाकतो.

जुना रंग कुठला हे मालकाला आठवत नसेल, तर होडीलाच विचारावे. जहाल थिनरमध्ये भिजवलेला कापडाचा बोळा रंगावर चिकटपट्टीने दहाएक मिनिटे धरून ठेवावा. रंग मऊ पडला, सुरकुतला किंवा बोळ्याला लागला, तर तो एका डब्याचा. काहीच झाले नाही, तर बहुधा दोन डब्यांचा. मग धारदार पात्याने धातूपर्यंत किंवा लाकडापर्यंत फुलीची चीर पाडून तिच्यावर चिकटपट्टी दाबावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंग निघून आला, तर पुढचा विचार न करता तो खरवडायला घ्यावा. अर्ध्या तासाच्या या दोन परीक्षांनी जेवढा खर्च वाचतो, तेवढा रंगाच्या दुकानातल्या घासाघिशीने वाचत नाही.

हवामानाचा मुद्दा आपल्या किनाऱ्यावर जास्त अवघड आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. महाराष्ट्रात अनेक वर्षे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी चालत आली आहे. होड्या शाकारल्या जातात, डागडुजी होते, नारळी पौर्णिमेची ओढ लागलेली असते. होडी कोरड्यावर असण्याचे दिवस आणि रंगकामाला सर्वांत वाईट दिवस नेमके एकच. रंगाच्या शास्त्रातला दंडक असा की पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस जास्त हवे. ३० अंशांच्या हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २७ अंशांवर येतो, म्हणजे आपण सीमारेषेवर उभे असतो. जुलैमध्ये कोकणात हवा याहून ओली असते. तेव्हा खरवडणे, गोड्या पाण्याने मीठ धुणे, लाकडाचे काम पावसात उरकावे, आणि रंगासाठी उघडीप किंवा छपराखालची जागा राखून ठेवावी. मीठ राहून गेले, तर ते थरातून पाणी ओढून घेते आणि काही महिन्यांत फोड येतात.

ओल्या हवेत अनेक इपॉक्सींच्या अंगावर चिकट, मेणचट साय धरते. तिच्यावर पुढचा हात टिकत नाही. आधी ती पाण्याने धुवावी लागते. ज्या हार्डनरमुळे ही तक्रार पुष्कळ कमी होते, त्या फेनाल्कामाइनचा कच्चा माल कार्डानॉल, आणि कार्डानॉल निघते काजूच्या टरफलाच्या तेलातून. हेच तेल पश्चिम किनाऱ्यावर लाकडी होड्यांना पूर्वापार चोपडत आले आहेत. आपल्या वाड्यांतले टरफल आज मोठ्या जहाजांच्या अस्तरात आहे, याचा मला फार आनंद वाटतो, आणि कोकणातल्या एखाद्या विद्यार्थ्याने हा धागा पुढे न्यावा असे मनापासून वाटते.

तळाच्या विषारी रंगाचा, म्हणजे अँटिफाउलिंगचा, इतिहास प्रत्येकाने वाचावा. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा जस्त-लोखंड जोडून गंजण्यापासून वाचवला. पत्रा शाबूत राहिला, पण त्यावर शेवाळ आणि बार्नेकल वाढू लागले, कारण झिजणारे तांबेच त्यांना दूर ठेवत होते. विसाव्या शतकात तळाच्या रंगात ट्रायब्युटिल टिन हे विष आले. ते इतके परिणामकारक ठरले की फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातली कालवांची शेती उद्ध्वस्त होत गेली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याच्या वापराला बंदी घातली. अशा बंदीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. आपल्या खाड्यांतही बाया ओहोटीला कालवे काढतात. जुना तळ कोरडा घासून त्याची धूळ खाडीत सोडणे हा त्यांच्या पोटावर पाय आहे. तळ ओला करूनच घासावा, खरवड गोळा करावी, तोंडाला मास्क लावावा. झिजणाऱ्या मऊ अँटिफाउलिंगवर कडक अँटिफाउलिंग चढवू नये. जुन्याची जात कळत नसेल, तर तो घट्ट आहे याची खात्री करून मध्ये जोड-अस्तराचा हात द्यावा.

फायबरच्या नव्या होडीसाठी एकच सूचना इथे देतो: साच्याचे मेण आधी द्रावकाने पुसावे, मगच पॉलिश पेपर लावावा. उलट केले, तर मेण ओरखड्यांत जाऊन बसते.

प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. लाकडी होडीवाल्यांनी तिसऱ्यापासून सुरुवात करावी. प्रत्येक हाताचे नाव, तारीख आणि डब्यावरचा बॅच क्रमांक लिहून ठेवण्यासाठी शेवटी तक्ता दिला आहे. होडी विकली तर तो तक्ता नव्या मालकाच्या हाती द्यावा. ॲल्युमिनियमची होडी असेल, तर मात्र पाचवे प्रकरण वाचल्याशिवाय डबा उघडू नये: तांबे असलेला अँटिफाउलिंग रंग ॲल्युमिनियमला भिडला की समुद्राच्या पाण्यात तळाला भोके पडायला वेळ लागत नाही.