शोभिवंत गोड मिरची : लक्षण, आनुवंशिकता आणि कुंडीतील संगोपन

जी मिरची फळांच्या रंगासाठी, मांडणीसाठी किंवा पानांसाठी लावली जाते ती शोभिवंत. जिच्या फळात कॅप्सायसिन हे तिखट द्रव्य तयार होत नाही ती गोड. पहिले लक्षण दृश्य आहे, दुसरे रासायनिक. ही दोन्ही परस्परांवर अवलंबून नाहीत. अमेरिकेतील ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चा पुरस्कार २००२ साली मिळालेला ‘चिली चिली’ हा वाण बिनतिखट आहे. तोच पुरस्कार २००६ साली मिळालेला काळ्या पानांचा ‘ब्लॅक पर्ल’ तिखट आहे. दोन्ही कॅप्सिकम ॲन्यूअम या एकाच जातीतले. रूपावरून चवीचे अनुमान करता येत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मिरचीच्याच कुलातील सोलॅनम स्यूडोकॅप्सिकम हे नारिंगी गोल फळांचे शोभेचे झुडूप मात्र या विवेचनाबाहेरचे. त्याची फळे विषारी असतात.

शोभेचे घटक तीन : (१) फळाची ऊर्ध्वमुखी दिशा, (२) फांदीच्या टोकाशी फळांची दाटी, (३) रंगक्रम. पहिले दोन वाणासोबतच येतात. बागकाम करणाऱ्याच्या हाती मुख्यतः तिसरा असतो. कोवळ्या फळाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा, जांभळा अँथोसायनिनचा. फळ पिकताना ही दोन्ही द्रव्ये नाहीशी होतात आणि कॅप्सँथिनसारख्या कॅरोटिनॉइडांमुळे लाल रंग येतो. अँथोसायनिनच्या निर्मितीला तीव्र प्रकाश लागतो. त्यामुळे सावलीतले जांभळे वाण हिरवट राहतात.

आता गोडपणा. कॅप्सायसिन प्रामुख्याने फळातील बीजकाधानीत, म्हणजे बिया ज्या पांढरट भागाला चिकटलेल्या असतात तिथे तयार होते. त्यासाठी आवश्यक असलेल्या जनुकाचे प्रभावी रूप तिखटपणा देते. दोन्ही प्रती अप्रभावी असतील तर फळ गोड होते. यातून दोन निष्कर्ष निघतात. एक : बीजकाधानी हे मातृवृक्षाचे ऊतक असल्याने शेजारच्या लवंगीचे पराग गोड मिरचीच्या फुलावर पडले, तरी त्या फळाची चव बदलत नाही. ‘शेजारामुळे तिखट झाली’ ही तक्रार बहुधा चुकीच्या रोपाची असते. दोन : त्याच फळातल्या संकरित बियांपासून वाढलेली झाडे मात्र तिखट फळे देतात. मिरचीत स्वपरागण अधिक होत असले तरी मधमाश्यांमुळे परपरागणही होते. बी राखायचे असेल तर कळ्या उमलण्यापूर्वी फांदीला मलमलची पिशवी बांधावी. विकतच्या संकरित वाणाचे बी पिशवी बांधूनही मूळ गुण राखत नाही.

संगोपनाचे नियम यानंतर थोडक्यात सांगता येतात. बुटक्या वाणाला २० ते २५ सेंटिमीटर व्यासाची, तळाला छिद्रे असलेली कुंडी पुरते. माती, शेणखत आणि कोकोपीट यांचे मिश्रण पाणी धरून ठेवणारे, पण साचू न देणारे असावे. थेट ऊन किमान सहा तास हवे. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपलीकडे गेल्यास फुलगळ होते, म्हणून महाराष्ट्राच्या पठारी भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बी पेरून हिवाळ्यात फळे घेणे सोयीचे. नत्र जास्त दिल्यास पाने वाढतात, फळे कमी लागतात. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असे झाले तर फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि ते सडते. छोट्या कुंडीत हा धोका अधिक. पाने चुरडू लागली तर पानांच्या खालच्या बाजूला फुलकिडे आणि कोळी शोधावेत.

शोभा आणि आहार या दोन हेतूंत खरा विरोध तोडणीच्या वेळी उभा राहतो. एकाच झाडावर जांभळे, नारिंगी आणि लाल फळ एकत्र दिसणे हीच शोभा. त्यासाठी पिकलेली फळे झाडावर राहू द्यावी लागतात. पण लगडलेली फळे नव्या फळधारणेला आळा घालतात, आणि मग काही आठवड्यांनी सगळे झाड एकरंगी लाल होते. पिकलेल्या फळांपैकी काही नियमित काढत राहणे हा यावरचा मध्यम मार्ग. काढलेली फळे कोशिंबिरीत चालतात. साल पातळ आणि गर कमी असल्याने ढोबळीची बरोबरी त्यांच्याकडून अपेक्षू नये. शोभेचे म्हणून विकत आणलेल्या रोपावर खाद्यपिकांना वर्ज्य कीटकनाशके फवारलेली असू शकतात. त्यावर आधीच लागलेली फळे खाऊ नयेत.