बनगावचे रुग्णालय आणि कागदपत्रांचा प्रश्न

१९७१ चा जून महिना. पश्चिम बंगालमध्ये सीमेलगत असलेल्या बनगावच्या रुग्णालयात दोन खोल्या पटकीच्या रुग्णांनी भरून गेल्या होत्या. रुग्ण जमिनीवर पडलेले. त्यांना सलाइन लावायचे तर विष्ठा आणि वांतीतच गुडघे टेकावे लागत. सलाइनचा साठा संपत आला होता आणि ते लावू शकणारे प्रशिक्षित हात दोघांचेच होते.

डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असे द्रावण त्यांनी पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. केवळ सलाइनवर भिस्त असताना मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होते; ते ३.६ टक्क्यांवर आले. जलसंजीवनीची ही कथा सर्वपरिचित आहे. तिच्यामागचे धोरण मात्र क्वचितच आठवले जाते.

पूर्व पाकिस्तानातून त्या वर्षी सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. हे लोक परत जातील, ही भूमिका सरकारने कधीच सोडली नाही. परंतु सीमाही बंद केली नाही. निर्वासितांची नोंद झाली, ती शिधा आणि निवारा देण्यासाठी. म्हणूनच आजारी मुलाला घेऊन रुग्णालयाची पायरी चढताना आईला पोलिसांचे भय नव्हते. नातेवाईक रुग्णाजवळ उघडपणे बसू शकले आणि महालनबीसांची पद्धत तर त्यांच्याच हातांवर उभी होती.

हे भय असते तेव्हा काय घडते, याचा पुरावा दुसरीकडे सापडतो. लॉस एंजेलिसमधील क्षयरुग्णांचा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरकडे गेल्यास स्थलांतर खात्याचा ससेमिरा लागेल, अशी धास्ती फार थोड्या रुग्णांना होती. पण उपचार घेण्यास दोन महिन्यांहून अधिक उशीर होण्याची शक्यता त्यांच्यात इतरांच्या जवळपास चौपट होती. क्षय हवेतून पसरतो. त्यामुळे हा विलंब घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांनाही भोवू शकतो.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर व परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. दाखल होऊन उपचार घेणाऱ्या परदेशी व्यक्तीची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देण्याची जबाबदारी त्याने रुग्णालयांवर टाकली आहे.

देशात कोण राहतो हे जाणून घेण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु नोंद रुग्णालयात होते तेव्हा तिचे परिणाम आरोग्याच्या हिशेबातही मोजावे लागतात. ज्याच्याजवळ कागद नाहीत तो रुग्ण उशिरा येतो, किंवा येतच नाही. त्याचा आजार मात्र वस्तीत राहतो. बनगावचे द्रावण आज जगभर पोहोचले आहे. ते रुग्णाच्या ओठांपर्यंत पोहोचण्यासाठी आधी रुग्णाने दारापर्यंत यावे लागते, हा बनगावचा दुसरा धडाही तितकाच मोलाचा आहे.