दुसऱ्या तबकडीचा न्याय

पहिल्या कृतीनें कीर्ति मिळवावी आणि दुसऱ्या कृतीनें ती टिकवावी, असा कलेच्या राज्यांतला अलिखित नियम आहे. पहिली कृति रसिकांपुढें येते तेव्हां तिच्याविषयीं कोणाची कांहींच अपेक्षा नसते. आवडली तर लाभ, न आवडली तर कोणाची हानि नाहीं. दुसरी कृति मात्र पहिलीचें ऋण डोक्यावर घेऊनच जन्मास येते. श्रोता तिच्याकडे कोऱ्या कानानें वळत नाहीं. पहिलीची आठवण त्याच्या कानांत आधींच घुमत असते. या ऋणापायीं एका असामान्य गळ्याच्या गायकाची काय गति झाली, आणि श्रोत्यांनीं त्याला दिलेला निकाल कितपत न्याय्य होता, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. हा गायक म्हणजे टेरेन्स ट्रेंट डार्बी, आणि ती कृति म्हणजे १९८९ च्या ऑक्टोबर महिन्यांत प्रसिद्ध झालेला त्याचा दुसरा गीतसंग्रह, 'नायदर फिश नॉर फ्लेश'.

डार्बी ज्या परंपरेंत वाढला तिला अमेरिकेंत 'सोल' संगीत म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. तेथील कृष्णवर्णीय समाजाच्या प्रार्थनामंदिरांत जें भक्तिगान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें, त्याची आर्तता ऐहिक प्रेमगीतांत उतरली आणि १९५० नंतरच्या दशकांत हा प्रकार उदयास आला. रे चार्ल्स व सॅम कुक यांनीं त्याचा पाया घातला. ओटिस रेडिंग व अरीथा फ्रँकलिन यांनीं त्यावर कळस चढविला. या गायनांत स्वराच्या गोडीहून स्वराच्या खरेपणाला अधिक मान असतो. गळा घोगरा असला, स्वर मध्येंच चिरला, तरी चालतें. गाणारा जें गातो तें त्यानें भोगलेलें आहे, अशी ऐकणाराची खात्री मात्र पटली पाहिजे. म्हणूनच सोल-गायक आणि त्याचा श्रोता यांचें नातें फार जवळचें, आणि तितकेंच नाजूक असतें.

डार्बी १९६२ सालीं न्यूयॉर्क शहरांत जन्मला आणि फ्लॉरिडा प्रांतांत वाढला. घरांत धर्मोपदेश व भक्तिगान यांचें वातावरण होतें. तरुणपणीं त्यानें मुष्टियुद्धाचा अभ्यास केला. पुढें तो अमेरिकेच्या लष्करांत शिरला आणि त्याची नेमणूक जर्मनींत झाली. त्या देशांतच 'द टच' नांवाच्या वाद्यवृंदांत तो गाऊं लागला, आणि १९८६ च्या सुमारास लंडनला येऊन राहिला. १९८७ च्या जुलै महिन्यांत त्याचा पहिला गीतसंग्रह निघाला. 'लोकहो, हा पाहा मी आलों,' अशा थाटाचें लांबलचक नांव त्याला दिलेलें होतें, आणि लोकांनींही त्याचें तसेंच स्वागत केलें. ब्रिटनच्या विक्रीच्या यादींत तो पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेंत चौथ्या क्रमांकापर्यंत पोंचला आणि एकट्या त्या देशांत त्याच्या २० लाखांवर प्रती खपल्या. 'विशिंग वेल' हें त्यांतील गीत १९८८ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत सर्वांच्या अग्रभागीं होतें, आणि १९८९ सालीं ग्रॅमी पारितोषिकही त्याच्या पदरांत पडलें.

या यशाचें मर्म त्याच्या आवाजांत होतें. त्या आवाजांत खरखर होती, पण ती कानाला बोंचत नसे. खालच्या पट्टींत तो कुजबुजे आणि पाहतां पाहतां वरच्या पट्टींत आर्त साद घाली. स्मोकी रॉबिन्सनचें एक जुनें गीत त्यानें त्या संग्रहांत घेतलें होतें; तें ऐकून जुन्या जाणत्यांना सोल संगीताचा सुवर्णकाळ परतल्यासारखें वाटलें, आणि तरुणांना हा गायक केवळ आपला वाटला. दोन पिढ्यांनीं एकाच गळ्यावर लुब्ध व्हावें, ही गोष्ट नेहमीं घडणारी नव्हे.

पण गाण्याबरोबर डार्बी बोलूंही लागला, आणि तेथेंच पुढच्या संकटाचें बीज पडलें. आपण अलौकिक प्रतिभेचे आहोंत असें तो उघड सांगे. बीटल्स मंडळींच्या १९६७ सालच्या सुप्रसिद्ध 'सार्जंट पेपर' नंतर आपल्याइतका महत्त्वाचा गीतसंग्रह झालाच नाहीं, असेंही त्यानें म्हटलें. ब्रिटिश वृत्तपत्रांना असा माणूस हवाच असतो. त्यांनीं त्याचीं वाक्यें मोठ्या अक्षरांत छापलीं आणि त्याचा पाय घसरण्याची वाट पाहत तीं बसलीं. गाणें चांगलें होतें तोंवर ही आत्मस्तुति लोकांनीं कौतुकानें ऐकून घेतली. पण हें कौतुक उधारीचें होतें. त्या उधारीची फेड दुसऱ्या संग्रहानें करावयाची होती.

दुसऱ्या संग्रहाच्या नांवाला आधार आहे तो एका जुन्या इंग्रजी म्हणीचा. धड मासा नव्हे, धड मांसही नव्हे. म्हणजे कोणत्याच कप्प्यांत न बसणारी वस्तु. डार्बीनें हें नांव अभिमानानें घेतलें होतें. संग्रहाची निर्मिति त्यानें स्वतःच्या हातीं ठेवली आणि अनेक वाद्येंही स्वतःच वाजविलीं. त्याची बारा गीतें एका सूत्रांत ओंवलेलीं होतीं आणि आरंभीं गीताऐवजीं एक प्रकारचें घोषणापत्रच होतें. 'आय विल बी ऑलराइट' यासारखें जुन्या सोल वळणाचें गीत त्यांत होतें. पण त्याच्या शेजारींच मंद, स्वप्नाळू, वाद्यांच्या धुक्यांत हरवलेलीं गीतें होतीं. 'बिली डोन्ट फॉल' या गीतांत एका समलिंगी तरुणाविषयीं मित्राची सहानुभूति होती. एड्सच्या भीतीनें समाज ग्रासला असतां आणि ब्रिटनमध्यें १९८८ च्या एका कायद्यानें शाळांतून अशा संबंधांचा पुरस्कार करण्यास बंदी घातली असतां, लोकप्रिय गायकानें असा विषय घेणें हें धाडसच होतें.

श्रोत्यांचा निकाल थोड्याच आठवड्यांत लागला. ब्रिटनच्या यादींत हा संग्रह १२ व्या क्रमांकावर थांबला, अमेरिकेंत ६१ व्या. पहिल्या संग्रहांतील गीतांची उंची त्यांतील एकाही गीताला गांठतां आली नाहीं. श्रोत्यांच्या मतांचे ढोबळमानानें तीन पक्ष पडले. ज्यांनीं पहिल्या संग्रहावर प्रेम केलें होतें त्यांना वाटलें कीं, जो आवाज ऐकावयाला आपण आलों तोच वाद्यांच्या गर्दीमागें दडला आहे. दुसरा पक्ष गाण्याविषयीं फारसें बोलतच नव्हता. गर्विष्ठाचें घर खालीं झालें, यांतच त्याला समाधान होतें. तिसरा पक्ष अगदीं लहान; त्याच्या मतें हीच डार्बीची खरी कृति होती आणि पहिली केवळ तिची प्रस्तावना. पण विक्रीच्या यादींत मतें मोजलीं जातात, तोललीं जात नाहींत.

काळही बदलला होता. त्याच वर्षीं लंडनच्या 'सोल टू सोल' या मंडळीनें संथ, डौलदार ठेक्याची नवी चाल रूढ केली होती, आणि अमेरिकेंत 'डी ला सोल' यांनीं जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडून खेळकर नवें संगीत रचलें होतें. सोल संगीताचा नवा श्रोता नृत्यगृहांत उभा होता, आणि डार्बी त्याला दिवे मालवून, डोळे मिटून ऐकण्याचें आमंत्रण देत होता.

तथापि श्रोत्यांना नावीन्य मुळींच रुचत नाहीं, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. १९७१ सालीं मार्व्हिन गे यानें प्रेमगीतांची मळलेली वाट सोडून युद्ध, दारिद्र्य व निसर्गाचा नाश यांवर 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा संग्रह रचला. त्याच्या ध्वनिमुद्रण संस्थेचा चालक आरंभीं नाखूष होता. श्रोत्यांनीं मात्र तो डोक्यावर घेतला. त्याच गायकानें १९७८ च्या अखेरीस आपल्या मोडलेल्या संसारावर 'हिअर, माय डिअर' हा जोडसंग्रह काढला, तेव्हां श्रोत्यांनीं पाठ फिरविली. पुढें कित्येक वर्षांनीं तीच कृति जाणत्यांच्या आदरास पात्र झाली. पहिल्या वेळीं गायकानें सर्वांच्या मनांतलें दुःख बोलून दाखविलें होतें. दुसऱ्या वेळीं स्वतःच्या मनांतलें. सर्वांचें दुःख लगेच ओळखूं येतें, एकट्याचें ओळखावयाला वेळ लागतो. डार्बीची दुसरी कृति या दुसऱ्या जातीची होती, आणि वेळ मागण्याचा हक्क त्यानें आपल्या बढाईनें आधींच गमावला होता.

याचा अर्थ श्रोत्यांचें सर्वस्वी चुकलें असा नव्हे. संग्रह विस्कळित आहे; त्याचें दार लवकर उघडत नाहीं; कांहीं गीतें कल्पनेच्या भारानें वांकलीं आहेत. शिवाय १९८९ सालच्या श्रोत्याला आधीं पैसे मोजून मग ऐकावें लागे. नभोवाणीवर जें एखादें गीत कानीं पडे, त्यावरून साऱ्या संग्रहाची परीक्षा होई. आज कोणतीही जुनी गीतें घरबसल्या क्षणांत ऐकतां येतात. ज्यांनीं डार्बीच्या फुशारक्या कधीं वाचल्याच नाहींत असे श्रोते आतां या संग्रहाकडे येतात, आणि त्यांतील कित्येकांना तो त्याच्या पहिल्या कृतीहूनही सरस वाटतो. गीतें तींच आहेत. कानांवरचें ऋण तेवढें फिटलें आहे.

गायकाला मात्र हा न्याय फार उशिरा मिळाला. १९९३ सालच्या 'सिंफनी ऑर डॅम' या संग्रहानें त्याला ब्रिटनमध्यें पुन्हां बरेंच यश दिलें, तरी पहिली जागा परत आली नाहीं. २००१ सालीं त्यानें आपलें नांवच टाकलें आणि कायदेशीररीत्या सनंदा मैत्रेय हें नांव घेतलें. तें आपणांस स्वप्नांतून मिळालें, असें त्यानें सांगितलें आहे. मैत्रेय हें बौद्ध परंपरेंत पुढें अवतरणाऱ्या बुद्धाचें नांव. वेरूळच्या लेण्यांत मैत्रेयाच्या मूर्ति पाहिलेल्या मराठी माणसाला तें परकें वाटणार नाहीं. जुन्या नांवाचा मनुष्य मरण पावला, असेंच हा गायक पुढें म्हणूं लागला. इटलींतील मिलान शहरीं राहून तो आपलें संगीत स्वतःच रचीत व प्रसिद्ध करीत आला. तें कोणत्या यादींत कितव्या क्रमांकावर आहे, याची चिंता त्यानें सोडून दिली.

श्रोत्याचा निकाल कलावंताला मान्य करावाच लागतो, कारण गाणें अखेर ऐकणारासाठींच असतें. पण पहिल्या आठवड्याचा निकाल हा बहुधा गायकाच्या वर्तनावरचा असतो. गाण्यावरचा निकाल त्यानंतर कैक वर्षांनीं लागतो. या दोहोंमधला काळ ज्याला काढावा लागतो, त्याची किंमत विक्रीच्या कोणत्याही यादींत लिहिलेली नसते.