ड्रोन आणि शिकार: नुसतं दाखवणाराही जबाबदार

लग्नाच्या शूटिंगसाठी आलेला ड्रोन आता गावोगावी दिसतो. शेतात फवारणीसाठीही त्याचा वापर वाढतो आहे. कॅमेरा चांगला, किंमत आवाक्यात, आणि चालवायला दोन दिवसांत शिकता येतो. त्यामुळे तरुण मुलं तो माळावर, डोंगरावर, जंगलाच्या कडेला नेतात. वरून ससा, रोही, रानडुक्कर, हरणांचा कळप दिसला की त्यामागे ड्रोन धावतो. कुणी हटकलं तर उत्तर ठरलेलं असतं: "आम्ही फक्त शूटिंग केलं, मारलं कुठे?"

हे उत्तर भारतातल्या कायद्यात टिकत नाही. आपल्या दीनी शिकवणीतही ते टिकणं कठीण आहे. दोन्ही बाजू घरातल्या मोठ्यांना आणि मुलांना माहीत असाव्यात, म्हणून ही माहिती.

कायद्यात "शिकार" म्हणजे काय?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 2 मध्ये शिकारीची व्याख्या आहे. प्राण्याला मारणं किंवा विष घालणं ही शिकार आहेच. पण पकडणं, पाठलाग करणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं हीदेखील शिकार आहे. यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न केला तरी तो शिकारीतच मोजला जातो. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही याच व्याख्येत येतं.

म्हणजे ड्रोन खाली आणून कळपाला पळवलं, एका बाजूला हाकललं, किंवा घरट्यापाशी नेऊन पक्ष्याला उठवलं, तर बंदूक नसतानाही शिकारीचा गुन्हा लागू शकतो. कलम 9 प्रमाणे अनुसूची 1 आणि 2 मधल्या प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे.

ड्रोन उडवणारा एक आणि मारणारा दुसरा असेल तर? कलम 52 म्हणतं की गुन्ह्याचा प्रयत्न करणारा आणि त्याला मदत करणारा, दोघांनीही तो गुन्हा केला असंच धरलं जाईल. रात्री थर्मल कॅमेऱ्याने जनावर शोधून फोनवर जागा सांगणारा मुलगा घरच्या गच्चीवर बसला असला तरी तो सुटत नाही.

शिक्षा किती?

2022 च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्राणी अनुसूची 1 मधला असेल, किंवा शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान 25,000 रुपये दंड. गुन्ह्यात वापरलेलं वाहन, हत्यार, साधन जप्त होतं. ड्रोनही साधनच आहे.

"नकाशात हिरवा झोन आहे" म्हणजे परवानगी आहे का?

इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. ड्रोन नियम 25 ऑगस्ट 2021 ला लागू झाले. डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग दिसतात. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत उडवायला हवाई वाहतुकीच्या दृष्टीने वेगळी परवानगी लागत नाही. ड्रोनची नोंदणी आणि त्याचा ओळख क्रमांक मात्र लागतो. लग्नाच्या शूटिंगसारखा धंद्याचा वापर असेल आणि ड्रोन 250 ग्रॅमपेक्षा जड असेल, तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही हवं.

पण हा हिरवा रंग विमानांच्या वाहतुकीपुरता आहे, जंगलाशी त्याचा संबंध नाही. अभयारण्यात जायला आणि फोटो काढायला वन्यजीव कायद्याच्या कलम 27 आणि 28 प्रमाणे वनविभागाची परवानगी लागते. तिथल्या प्राण्यांना छेडणं, त्रास देणं याला मनाई आहे. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू आहे.

शेतात रानडुक्कर आले तर?

हा प्रश्न खरा आहे. कोकणात भात, विदर्भात सोयाबीन आणि तूर एका रात्रीत झोपवली जाते, आणि नुकसान सोसतो शेतकरी. कायद्याने त्यासाठी वाट ठेवली आहे. कलम 11 खाली अधिकृत वन अधिकारी पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत लेखी परवानगी देऊ शकतो. नुकसानभरपाईचा अर्जही वनविभागाकडेच करायचा असतो. ड्रोनने पिकाच्या नुकसानीचे फोटो काढून अर्जाला जोडणं हा त्याचा चांगला उपयोग आहे. परवानगी नसताना त्याच ड्रोनने डुकरांचा पाठलाग करणं हा गुन्हा.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत नीट कळायला हवी. परवानगी घेऊन मारलेला प्राणीसुद्धा कलम 39 प्रमाणे सरकारी मालमत्ता असतो. सरकारने उपद्रवी म्हणून जाहीर केलेले प्राणी तेवढे याला अपवाद. त्यामुळे रोही किंवा हरणाची जिबह बरोबर झाली होती की नाही, हा पुढचा प्रश्न. ते मांस घरी आणायचा हक्कच नसतो.

दीन काय सांगतो?

इस्लाममध्ये गरजेसाठी शिकार जायज आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांचा आणि अल्लाहचं नाव घेण्याचा हुकूम आहे. त्याच सूरहमध्ये एहरामच्या हालतीत जमिनीवरची शिकार मना केली आहे. या मनाईची हद्द कुठपर्यंत जाते, हे दोन हदीसांतून समजतं.

पहिली हजरत अबू कतादा (रजि.) यांची, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आलेली. ते स्वतः एहराममध्ये नव्हते, सोबतचे सहाबी होते. रानगाढव दिसलं तेव्हा त्यांनी साथीदारांना चाबूक उचलून द्यायला सांगितलं. साथीदारांनी तेवढीही मदत नाकारली. त्यांनी एकट्याने शिकार केली. पुढे ते मांस खाण्याबद्दल विचारणा झाली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारलं की तुमच्यापैकी कुणी त्याला सांगितलं होतं का, किंवा जनावराकडे इशारा केला होता का? "नाही" म्हटल्यावरच उरलेलं मांस खायला सांगितलं. म्हणजे जिथे शिकार मना आहे तिथे बोट दाखवणंही शिकारीत हिस्सा घेणं ठरतं. ड्रोन तर बोटापेक्षा कितीतरी लांबून दाखवतो.

दुसरी मक्केच्या हरमबद्दलची. तिथल्या शिकारीच्या जनावराला बिचकवून जागचं उठवूसुद्धा नये, असा हुकूम आहे. या दोन्ही गोष्टी एहराम आणि हरमच्या आहेत, त्या जशाच्या तशा आपल्या माळरानाला लागू होतात असं कुणी म्हणणार नाही. मसला आलिमांनाच विचारावा. पण मारण्याआधीचं हाकणं आणि दाखवणंही हिशेबात धरायचं, ही समज आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. 1972 चा कायदाही तेच म्हणतो.

जीव असलेल्या प्राण्याला नेमबाजीचं निशाण बनवू नये, ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. अबू दाऊदमध्ये एका पक्षिणीचा प्रसंग आहे. तिची पिल्लं उचलल्यामुळे ती घिरट्या घालत होती, तेव्हा प्रेषितांनी (स.) पिल्लं परत ठेवायला लावली. व्हिडिओला लाइक मिळावेत म्हणून घरट्यावर ड्रोन नेणाऱ्या मुलाला समजवायला हा प्रसंग पुरेसा आहे.

प्राण्याला खरंच त्रास होतो का?

होतो, आणि तो दरवेळी डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ड्रोन वरून जाताना बहुतेक वेळा अस्वलं जागची हलली नाहीत, पण त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले होते. 2018 मध्ये रशियातला, बर्फाच्या उतारावरून पुन्हा पुन्हा घसरणाऱ्या अस्वलाच्या पिल्लाचा व्हिडिओ जगभर फिरला. लोकांनी तो जिद्दीचा धडा म्हणून पाठवला. मादी आणि पिल्लू ड्रोनमुळेच घाबरले असावेत, हे वन्यजीव अभ्यासकांनी नंतर लक्षात आणून दिलं.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी

अमेरिकेत परवाना घेऊन, हंगामात हरणाची शिकार करता येते, म्हणून तिथला कायदा वेगळा आहे. 1971 च्या केंद्रीय कायद्याने विमानातून प्राणी मारणं आणि विमानाने त्यांना छळणं मना केलं. 2014 मध्ये अलास्काने ड्रोनने प्राणी शोधून शिकार करण्यावर बंदी घातली. प्राण्याला निसटायची संधीच राहिली नाही तर ती शिकार कसली, असा तिथल्या जुन्या शिकाऱ्यांचाही आक्षेप आहे. दुसऱ्या बाजूला, प्राणीप्रेमी संघटनांनी शिकाऱ्यांवर ड्रोनने नजर ठेवायचं ठरवल्यावर इलिनॉय राज्याने 2013 मध्ये ड्रोनने शिकाऱ्यांच्या कामात अडथळा आणणं गुन्हा ठरवलं.

जखमी होऊन पळालेलं हरीण ड्रोनने शोधावं का, यावर तिथे राज्याराज्यांत वेगळे नियम आहेत. मुस्लिम शिकाऱ्यासाठी हा हलाल-हरामचाही प्रश्न आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांच्या हदीसमध्ये नंतर सापडलेल्या शिकारीवर फक्त आपल्याच बाणाची खूण असावी आणि ती पाण्यात पडलेली नसावी, अशी अट आहे. जनावर लवकर सापडलं तर त्याचे हाल थांबतात आणि शंकाही राहत नाही. पण ड्रोन उडवण्याआधी आपल्या राज्याचा नियम बघायलाच हवा.

आपण काय करावं?

घरात ड्रोन असेल तर तो कुणाच्या नावावर नोंदवला आहे ते बघा. चौकशी आली तर पहिली त्या माणसाची येते. जंगलाजवळ उडवण्याआधी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. प्राणी किंवा पक्षी दिसला तर ड्रोन मागे घ्या, खाली आणू नका. रात्री अनोळखी ड्रोन रानावर फिरताना दिसला तर दगड मारून तो पाडायला जाऊ नका. महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. तो ड्रोन वनविभागाचाही असू शकतो. जुन्नर भागात बिबट्याचा माग काढायला त्यांनी थर्मल ड्रोन वापरले आहेत.

आणि कुणी ओळखीतल्याने "नुसतं वरून बघून सांग, बाकी आम्ही बघतो" असं म्हटलं, तर मुलांना नाही म्हणायला शिकवा. अबू कतादांच्या साथीदारांनी चाबूकसुद्धा उचलून दिला नव्हता.