जुनी दहावी आज चालते का?

१९९५ सालची दहावीची गुणपत्रिका आजही वैध आहे. तिला मुदत नसते. आयटीआय प्रवेशाला किमान वय १४ लागते, कमाल मर्यादा नाही. वेल्डर, प्लंबरसारख्या काही ट्रेडना तर आठवी पासही चालते.

अडते ते भरतीत. अंगणवाडी मदतनीस म्हणून पूर्वी सातवी पास महिला लागत असे. महाराष्ट्रात २०२३पासून बारावी लागते. वस्तीतल्या कितीतरी भगिनींची वाट त्याने बंद झाली. मला तो अन्यायच वाटतो. राहिलेली बारावी एनआयओएसमधून कोणत्याही वयात देता येते, पण भरतीची वयोमर्यादा त्याने वाढत नाही.

गुणपत्रिका हरवली असल्यास विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. कागदपत्र तपासणीत बायका बहुधा तिथेच अडकतात.