विम्बल्डनचा घसारा

भविष्य सांगण्याचा नाद मला लागला तो पंचांगामुळे नव्हे, विम्बल्डनमुळे. जून संपत आला की आमच्या शाखेत महिला एकेरी कोण जिंकणार यावर पैज लागते. पैज पैशांची नसते. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला स्वतःचे लावायचा धीर होत नाही. हरणाऱ्यांनी वर्गणी काढून सगळ्यांना बटाटेवडे खिलवायचे, एवढंच. आजवर शाखेने जे वडे खाल्ले, त्या सगळ्यांना माझी वर्गणी लागलेली आहे.

खरं म्हणजे हे भविष्य एके काळी फार सोपं होतं. 1884 साली विम्बल्डनला महिलांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा खेळायला आल्या अवघ्या 13 जणी. अंतिम सामना झाला मॉड वॉटसन आणि तिची थोरली बहीण लिलियन वॉटसन यांच्यात. धाकटी जिंकली. पण विजेतीचं आडनाव वॉटसन असणार, हे त्या दिवशी मीसुद्धा बिनचूक सांगितलं असतं! पुढे मार्टिना नवरातिलोवाने 1982 ते 1987 अशी सलग सहा वर्षं स्पर्धा जिंकली. त्या काळात आमची पैज असती तर शाखा उपाशीच राहिली असती.

माझ्यासारख्यांचा घात केला तो मानांकनाने. विम्बल्डनला ही पद्धत आली 1927 साली. मूळ हेतू साधा. बलाढ्य खेळाडूंनी पहिल्याच फेरीत एकमेकींना घरी पाठवू नये, म्हणून त्यांना तक्त्यात लांब लांब बसवायचं. लग्नाच्या पंगतीत न पटणाऱ्या व्याह्यांना बसवतात तसं. कुणाला कितवं मानांकन द्यायचं हे मागची कामगिरी पाहून ठरतं. म्हणजे तो झाला मागचा खातेउतारा. पण आम्ही बँकवाले. खातेउतारा दिसला की त्यावर विश्वास टाकायचा, हे आमच्या रक्तातच.

आणि खातेउतारा काय करतो पाहा. 1962 साली अव्वल मानांकित मार्गारेट स्मिथ आपला पहिलाच सामना हरली. हरवणारी होती 18 वर्षांची एक चष्मेवाली अमेरिकन पोरगी, बिली जीन मॉफिट. तीच पुढे बिली जीन किंग झाली. 1994 साली गतविजेती स्टेफी ग्राफ पहिल्याच फेरीत लोरी मॅकनीलकडून हरली. 1999 साली मी बी.कॉम.ला होतो. जगात पहिल्या क्रमांकावर मार्टिना हिंगिस. मी छातीठोकपणे तिचं नाव सांगितलं. पहिल्याच फेरीत तिला येलेना डोकिच नावाच्या 16 वर्षांच्या, पात्रता फेरीतून आलेल्या मुलीने 6-2, 6-0 असं हरवलं. कॉलेजच्या कँटीनमध्ये सात जणांना चहा पाजून मी घरी आलो आणि अकाउंटन्सीचं पुस्तक उघडून बसलो.

उत्तर त्या पुस्तकातच होतं, हे कळायला मला आणखी वीस वर्षं लागली. स्पर्धेत 128 जणी. जिंकायला सलग सात सामने जिंकावे लागतात. समजा, आपली लाडकी खेळाडू इतकी जबरदस्त आहे की कुठल्याही सामन्यात तिची जिंकण्याची शक्यता शेकडा 90. आता दर फेरीला 10 टक्के घसारा लावा, घटत्या शिलकेच्या पद्धतीने, जसा आपण फर्निचरवर लावतो. पहिल्या फेरीनंतर 90, दुसरीनंतर 81, मग 72.9, आणि सातव्या फेरीअखेर शिल्लक उरते 47.8! म्हणजे शंभरात नव्वद गुणांची राणीसुद्धा अर्ध्याहून कमी वेळा जिंकणार. हा शोध लागल्यावर मी इतका खूश झालो की त्या वर्षी वड्यांबरोबर जिलबीसुद्धा मीच दिली.

त्यात 2017 ते 2025 या काळात विम्बल्डनच्या आठ स्पर्धा झाल्या (2020 ची करोनामुळे रद्द झाली) आणि आठही वेळा विजेती वेगळी. 2023 साली तर मार्केटा वोंड्रुसोवा बिनमानांकित असून जिंकली. विम्बल्डनच्या महिला एकेरीत असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं. आदल्या वर्षी ती तिथे आली होती ती मनगट प्लास्टरमध्ये घालून, मैत्रिणीचा सामना बघायला. खुद्द तिचा नवरा मांजर सांभाळायला घरी राहिला होता. अंतिम सामन्यासाठी तो मांजराची दुसरीकडे सोय करून धावत आला. नवऱ्याचंच भविष्य चुकलं, तिथे आम्ही कोण?

आमच्या घरात भविष्य खरं ठरलेली एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे आई. तिला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. 1993 चा अंतिम सामना आम्ही शेजाऱ्यांकडे बसून पाहिला. याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये ग्राफविरुद्ध 4-1 ने पुढे होती. तिथून ती हरली आणि बक्षीस घेताना केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आई म्हणाली, ‘‘ही पोरगी जिंकणार बघ.’’ मी म्हणालो, ‘‘अगं, ती आत्ताच हरली!’’ 1997 ला नोवोत्ना पुन्हा अंतिम सामन्यात हरली. आई म्हणाली, ‘‘जिंकेल रे.’’ आणि 1998 साली नोवोत्ना जिंकली. 2017 साली ती गेली, वयाच्या 49 व्या वर्षी. बातमी वाचून दाखवली तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘पण जिंकली होती ना रे?’’

हीच आई गेली बारा वर्षं म्हणते आहे की मी ऑफिसर होणार. प्रमोशनच्या परीक्षेत माझा खातेउतारा पाच वेळा नापास असा आहे. यंदा अर्ज भरायचाच नाही असं ठरवलं होतं. पण परवा तो टेबलावर कोरा दिसला, तेव्हा आईने चष्मा लावला, पेन माझ्या हातात दिलं आणि भाजी निवडायला बसली.

भरला. शाखेत माझ्यावरही पैज लागली आहे, असं कानावर आलंय. वडे कुणाकडून, ते निकालानंतर.